जाळी बुजवली तो हिवाळा

ताईच्या बाळाच्या बारशाचा फोटो मी तुम्हाला पाठवला, तेव्हा तुम्ही दोघा नातवंडांनी एकच प्रश्न विचारला होता: एवढ्या थंडीत सगळे घर सोडून अंगणात का बसलेत? मी 'उन्हासाठी' असं उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं गाव कळंबपासून फार दूर नाही आणि आमचं घर तुम्ही पाहिलेलं आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या घराची भिंत दिसते. ते घर मावशीचं. तुम्ही तिला मावशी म्हणता म्हणून मीही इथे तेच म्हणते. मला ती काकू म्हणते. तिचा नवरा, म्हणजे तुमचे काका, आमचं वावर बटईने करतात, म्हणजे पीक निम्मं त्यांचं, निम्मं आपलं. ताई ही त्यांची एकुलती एक मुलगी.

त्यांचं जुनं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू होतं. चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून सावकाश वर जायचा आणि पहाटे सगळं छप्पर उकळत्या भांड्यासारखं वाफाळलेलं दिसायचं. मग त्यांना घरकुल मिळालं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकाची, वर स्लॅब. स्लॅबला फटी नसतात. म्हणून गवंड्याने स्वयंपाकाच्या भिंतीत वर, छताला लागून, सिमेंटची जाळी बसवली. धूर तेवढ्या जागेतून बाहेर पडायचा. वर्षभरात जाळीच्या वरची भिंत काजळीने काळी झाली.

त्यांचं जळण म्हणजे पऱ्हाट्या. कापूस वेचून संपला की वावरात जी वाळकी झाडं उभी राहतात ती. उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि घरामागे रचून ठेवायची. फुकटचं जळण आहे, पण भसकन पेटतं, लवकर विझतं आणि धूर फार करतं. ताई लहानपणापासून खोकायची. संध्याकाळी स्वयंपाक सुरू झाला की ती दप्तर घेऊन आपल्या ओसरीवर यायची. मी तिला इंग्रजी शिकवलं असं गावात म्हणतात. खरं तर ती धुरातून उठून यायची आणि मी समोर बसलेली असायचे, म्हणून शिकवणं झालं. पुढे डॉक्टरांनी त्या खोकल्याला दमा म्हटलं.

मग गरीब घरच्या बायकांना सरकारी योजनेतून गॅस मिळाला, तसा मावशीलाही मिळाला. तिने शेगडीला हळदकुंकू लावलं, सिलिंडरला जुन्या साडीचा झगा शिवला आणि स्वयंपाक चुलीवरच चालू ठेवला. गॅस पेटायचा तो पाहुण्यांच्या चहापुरता. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काकू, गॅस हाय म्हनून पाहुन्याले समजलं पाह्यजे. आमाले तं मालूमच हाय."

ताईचं लग्न ढाणकीकडच्या एका गावात झालं. उमरखेड तालुका, आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं अगदी दुसरं टोक. बैठकीत मुलीच्या खोकल्याचा विषय निघाला, तेव्हा मावशीने ठामपणे सांगितलं होतं की आता आमच्याकडे गॅस आहे, खोकला चुलीचा होता, तो गेला. विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं आणि लक्षातही ठेवलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने ताई सातव्या महिन्यात आली. मावशी मला म्हणाली, "हिचं बाळंतपन मी धुरात नाई करत." तेवढ्यासाठी तिने भरलेलं सिलिंडर राखून ठेवलं होतं. स्वतःचा स्वयंपाक ती आता अंगणात, तीन दगडांवर करू लागली. ताई पाणी प्यायला स्वयंपाकाच्या खोलीत गेली तरी मावशी आधी आत जाऊन हुंगून यायची.

ताई कळंबच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. तिला घरी आणायच्या आदल्या दिवशी मी खिडकीशी उभी होते, तर काका शिडीवर चढून जाळीत विटांचे तुकडे बसवत होते आणि मावशी खालून सिमेंटचं घमेलं देत होती.

"जाळी काहून बुजवता?" मी विचारलं.

"आता धूरच नाई तं जाळी कायले, काकू? वारा येते तेथून. बाळंतिनीले वारा लागला म्हंजे जन्माची डोकेदुखी."

"अगं, पण हवा यायला काही पाहिजे ना."

"दार हाय ना. मी त्याच दारातून येतो, हवाबी येईन. तिले का वेगळा मान द्याचा?"

काका शिडीवरून हसले. सिमेंट वाळल्यावर मावशीने भिंतीवरची काजळी घासून काढली आणि सगळ्या भिंतीला चुना मारला. भिंत सुंदर दिसू लागली. मला ते बरं वाटलं नाही, पण गॅसवरच स्वयंपाक होणार असेल तर तिचं म्हणणं अगदीच चुकीचंही म्हणता येत नव्हतं. मी खिडकी लावून घेतली आणि दिवसभर मनात ते घोळवत राहिले.

आपल्याकडच्या बाळंतपणात काय काय असतं ते तुम्हाला माहीत नसेल. बाळंतिणीला आणि बाळाला रोज कढत पाण्याने न्हाऊ घालतात, तेही कडुनिंबाचा पाला घालून उकळलेल्या पाण्याने. मग दार लावून, दाराला घोंगडी लावून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देतात. निखाऱ्यांवर ओवा टाकतात. सव्वा महिना हे चालतं. माझंही असंच झालं होतं, पण आमच्या घराला फटी होत्या.

एवढं पाणी गॅसवर उकळायचं म्हणजे सिलिंडर किती टिकणार? विजेवर पाणी तापवायची सळई त्यांच्याकडे आहे, पण सकाळी आंघोळीच्याच वेळी वीज जाते. तुमच्या बाबांनी माझ्या छतावर बसवलेल्या सौर बंबाचं पाणी मी देऊ केलं. मावशी म्हणाली, "उन्हाचं पानी बाळंतिनीले नाई चालत, काकू. तपलेलं अन् उकळलेलं एक नसते."

विहीणबाईंचा रोज फोन यायचा. मावशी फोन स्पीकरवर लावते, त्यामुळे भिंतीपलीकडे मलाही सगळं ऐकू येतं. त्यांच्याकडची बोली मराठवाड्याच्या अंगाची. "सगळं गॅसवरच करायलाव ना, विहीणबाई? माझ्या नातवाला धूर नको बगा. सुनेचं छातीचं आधीच नाजूक हाय." मावशी दर वेळी म्हणायची, "गॅसवरच, गॅसवरच. चूल तं मोडून टाकली." ते खरं दिसावं म्हणून तिने अंगणातले तीन दगड पेटवणंही बंद केलं होतं.

मग एक दिवस गॅस संपला. हे मला नंतर कळलं, पण गोष्टीच्या क्रमाने इथेच सांगायला हवं. आमच्या गावात गॅसची गाडी घरोघर येत नाही; ठरलेल्या वारी फाट्यावर उभी राहते. काका रिकामं सिलिंडर सायकलला बांधून पहाटेच गेले. गाडी आली, पण भरलेली सिलिंडरं आधीच्या गावांतच संपली होती. पुढच्या वारी या, असं सांगून गाडी गेली. मावशीने सिलिंडर पुन्हा जागेवर ठेवलं, त्याला झगा चढवला आणि काकांना बजावलं की कोणाला बोलायचं नाही. गावात बोललं की ढाणकीला पोचतं, असं तिचं म्हणणं होतं. विहीणबाईंच्या गावची एक मुलगी आमच्या गावात दिलेली आहे, तेव्हा ते काही अगदी खोटं नव्हतं.

माझ्याकडे एक भरलेलं सिलिंडर जादा होतं. तिला ते ठाऊक होतं. पण ते दोन्ही घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून उचलून नेताना कोणी पाहिलं असतं.

अंगणात चूल पेटवली असती तर धूर दिसला असता. म्हणून तिने चूल आत पेटवली.

मला जे दिसत होतं त्यावरून मी काहीतरी ओळखायला हवं होतं असं नाही, पण मला चैन पडत नव्हतं एवढं खरं. अंगणातले तीन दगड थंड होते, त्यांच्यावर एक मांजर झोपायचं, आणि तरी घरामागची पऱ्हाट्यांची रास खाली खाली जात होती. मावशीचे डोळे लाल दिसायचे. विचारलं तर म्हणाली, "जागरन. पोट्टं झोपू देत नाई." बाळंतिणीच्या घरात हे उत्तर पटण्यासारखं होतं. तरी मी त्या दिवसांत दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन उभी राहायचे आणि काय पाहायला आले हे मलाच सांगता यायचं नाही.

एका सकाळी कडक थंडी होती. मी चहा ठेवला आणि मला धुराचा वास आला. बाहेर पाहिलं. कुठेच धूर नव्हता. मावशीची भिंत पांढरी स्वच्छ होती. माझ्या लक्षात आलं की बाळ रडत नाहीये. न्हाऊ घालायच्या वेळी ते रोज एवढं रडायचं की मला घड्याळाकडे पाहावं लागत नसे. न्हाण्याची वेळ होऊन गेली होती. मी गॅस बंद केला, स्वेटरही न घालता मागच्या दाराने गेले आणि त्यांचं दार ढकललं.

दाराला आतून घोंगडी होती, ती बाजूला सारताच धूर तोंडावर आला. पुढच्या खोलीत बाजेवर ताई निजली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. मधलं दार उघडं होतं, आणि आत चुलीशी मावशी पदर तोंडाला लावून फुंकत बसली होती.

"काकू, डोकं लय दुखून राह्यलं," ताई म्हणाली. डोळे न उघडता. "उलटीबी झाली. माय म्हनते वारा लागला."

मी बाळाला उचललं. ते दुपट्यात गुंडाळलेलं होतं, गरम होतं, पण उचलताना त्याने अंग आखडलं नाही. लहान बाळ झोपेत असलं तरी उचललं की थोडं आखडतं. याची मान माझ्या हातावर सैल पडली.

"बाहेर चल," मी ताईला म्हणाले. "ऊठ. आत्ता."

मावशी दारात आडवी आली. "काकू, नाई. ओली बाळंतीन हाय ते. असा वारा—"

"लागू दे वारा. बाजूला हो."

मी तिच्याशी असं कधी बोलले नव्हते. ती बाजूला झाली.

अंगणात ऊन होतं. मी दगडांवरच्या मांजराला हाकललं आणि तिथेच बसले, बाळाचं दुपटं सैल केलं आणि त्याच्या तळव्यावर बोटाने टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. आवाज ऐकून घरामागून धावत आलेले काका ताईला धरून आणत होते. ती दोन पावलं चालून भिंतीला टेकून खाली बसली. मी तिसऱ्यांदा जरा जोरात मारली. बाळाने कपाळाला आठ्या घातल्या. मग तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मावशी माझ्यासमोर उकिडवी बसली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत स्वतः तोंड उघडून बसली होती. मग ते रडलं. बारीक आवाज होता, मांजराच्या पिलासारखा.

शेजारच्यांच्या ऑटोने आम्ही कळंबला गेलो. सगळ्या रस्त्यात मावशीने बाळाच्या टाळूवर हाताचा तळवा धरून ठेवला होता, वारा लागू नये म्हणून. मी तो हात काढायला सांगितलं नाही. ताई माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली होती आणि मी दर थोड्या वेळाने तिला काहीतरी विचारत होते, फक्त तिने उत्तर द्यावं म्हणून. शाळेत कुठला धडा आवडायचा, असलं काहीबाही. एकदा तिने उत्तर दिलं नाही, तेव्हा मी तिच्या हाताला चिमटा काढला.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही ऑक्सिजन लावला. मग विचारलं, "खोलीत कोळसे होते का? खिडकी?" काकांनी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जळणाला हवा पुरली नाही की एक विषारी वायू तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही; धुरापेक्षा तो वाईट, कारण धुराने माणूस निदान खोकत उठून बाहेर येतं. संध्याकाळपर्यंत ताईची डोकेदुखी उतरली. बाळ दूध ओढू लागलं. दोन दिवस तिथेच ठेवून त्यांना घरी सोडलं. बाळ पुढे कसं वाढतं यावर लक्ष ठेवा, असं सांगितलं. ते वाक्य मावशीने बरोबर घरी आणलं आणि अजून ती ते सोडत नाही.

घरी आल्याच्या दिवशी काकांनी जाळीतल्या विटा फोडल्या. नव्या चुन्यावर लाल धूळ उडाली. मावशी खाली उभी राहून पाहत होती. संध्याकाळी मी माझं सिलिंडर भिंतीवरून दिलं. सकाळी बंबाचं पाणीही देऊ लागले. तिने पहिल्या दिवशी त्यात हात बुडवला आणि पटकन काढला.

"हे तं चांगलंच कढत हाय."

"मग मी काय सांगत होते?"

"तुमी सांगत होत्या, पन पोळत नोहोतं ना ऐकून," ती म्हणाली. मग तिने त्यात कडुनिंबाचा पाला टाकलाच.

शेक बंद झाला नाही. पण तो आता अंगणात, उन्हात, बाजेला चारी बाजूंनी लुगडं लावून व्हायचा. मी रोज पाहायला जायचे. मावशी मला बघून म्हणायची, "या, इन्स्पेक्टर आल्या."

बारशाला विहीणबाई आल्या. मावशीच्या मनावर दोन ओझी होती. बाळ ठीक दिसतंय ना, हे एक. आणि यांना काय सांगायचं, हे दुसरं. त्या एसटीतून उतरून आल्या तेव्हा अंगणात चूल होती, उघडी, पेटलेली. बारशाचा एवढा स्वयंपाक एका गॅसवर होणार नव्हता. विहीणबाईंनी चुलीकडे पाहिलं, मग ताईकडे.

"चूल मोडली म्हणत होता," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मावशी आता पाहुण्यांसाठी पेटवली असं म्हणेल. ते सोपं होतं आणि निम्मं खरंही. पण तिने हातातली परात खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. जाळी, गॅसची गाडी, बाळाची सैल मान. मधे थांबली नाही. बायका पुऱ्या लाटायच्या थांबल्या होत्या.

"गॅस सरला तं सांगायचं व्हतं," विहीणबाई म्हणाल्या. "रोज तर फोन करत व्हते मी."

"सांगू कशी? तुमीच रोज इचारत होत्या."

विहीणबाई खाली बसल्या. बाळाला मांडीवर घेऊन त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मावशी म्हणाली, "इहीनबाई, तुमच्याकडचा गॅस मले काई इचाराचा नाई. तुमच्या सैपाकाच्या खोलीले खिडकी हाय का, तेवढं सांगा."

"खिडकी नाही. वर झरोका हाय."

"उघडा हाय?"

विहीणबाईंनी बाळाचं टोपडं नीट केलं. "मांजर येतंय म्हून टिन ठोकलं व्हतं. काढतो की. पोराला सांगते."

"ते काहाडलं म्हंजे फोन करा. मंग पाठवतो पोरीले," मावशी म्हणाली. मुलीच्या आईने विहिणीला अट घालायची, हे आमच्या गावात कोणी ऐकलेलं नव्हतं. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. मग कोणीतरी पाळण्याचं गाणं सुरू केलं आणि तुम्ही पाहिलात तो फोटो त्यानंतरचा आहे.

टिन काढल्याचा फोन आला आणि ताई सासरी गेली. आता पुन्हा हिवाळा आला आहे आणि मावशी रोज फोन करते, स्पीकरवर. "झरोका उघडा हाय ना?" ताई म्हणते, "हो." पण ते हो कोणाच्या समोर म्हटलंय, हे आवाजावरून कळत नाही. मी म्हणाले, व्हिडिओवर कर. मग मीच लावून दिला. ताईने बाळ दाखवलं. गुटगुटीत आहे, हात धरून उभं राहायला बघतं. मावशी म्हणाली, "फोन वर कर. अजून. चुलीच्या वर."

झरोक्यात पोतं कोंबलेलं होतं. कडेने उजेडाची एक रेघ येत होती.

"पोतं काहून?"

"थंडी हाय ना, माय," ताई हळू म्हणाली. "दिवसा काढतो आम्ही."

तेव्हा दिवसच होता. मावशीने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघाली. यवतमाळ, पुसद, उमरखेड, मग ढाणकीची गाडी. पोचलीस की कळव म्हटलं होतं, तरी दिवसभर फोन आला नाही. मी दोनदा लावला, तो लागला नाही. परवा परत आली तेव्हा मी तिला भिंतीशीच गाठलं.

"काय केलंस?"

"पोतं काहाडलं, झटकलं अन् दारात पायपुसनं म्हनून टाकलं."

"विहीणबाई काही बोलल्या नाहीत?"

"पाहुनीले कोन काय म्हनते, काकू?" ती म्हणाली, आणि चुलीतली राख भरायला वाकली. थोड्या वेळाने सरळ झाली. "पन पाहुनी तं परत आली ना."

थंडी अजून महिनाभर तरी आहे. आज तिने पुन्हा फोन लावला तेव्हा मी खिडकी उघडून ठेवली होती. पलीकडे नुसती रिंग जात होती.